तळटीप क्रमांक नऊ

पहिल्या दिवशी मिळालं ओळखपत्र, निळ्या दोरीत,
आणि सूचना: इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात.
मी दोन आठवडे दुकले सरांना
कशानंच हाक मारली नाही.
समोर जाऊन उभी राहायचे, ते वर बघेपर्यंत.

आम्ही तिघं, मे महिन्याचे वकील.
बंगळूरचा ऋत्विज लिफ्टमध्येही कलमं म्हणायचा.
कुडचड्याची फ्लाविया टाचा काढून टेबलाखाली
पाय फरशीवर टेकवायची, थंडाव्याला.
मी केरी-सत्तरीची. सहाची कदंब,
साखळीला बदलायची, पणजीत उतरून
जिन्यात पाच मिनिटं थांबायचं:
एसीत शिरण्याआधी घाम वाळला पाहिजे.

काम म्हणजे जुने दस्त.
पोर्तुगीज उलगडून सांगणारे मिनेझिस अंकल
एक्याऐंशीचे; दर परिच्छेदाला विचारत, जेवलीस?
नवऱ्याच्या सहीशेजारी बायकोची सही शोध, म्हणत,
अर्धं घर तिचं असतं.
एक भाऊ नैरोबीत वारला, एक लिस्बनला,
एक बहीण कराचीत, पुढे ठावठिकाणा नाही.
मेलेल्यांची एवढी लांब हजेरी
मी आधी कधी घेतली नव्हती.

गुरुवारी मांडवीकाठी जेवण, फर्मच्या खर्चानं.
कुणीतरी वाकून विचारलं, तुला नेमकं काय आवडतं?
मी म्हटलं, तिसऱ्या. सुक्या.
टेबल हसलं.
त्यांना कायद्याची शाखा विचारायची होती.

रात्री अकराला स्वल्पविराम हलवत बसायचो.
एकदा गिऱ्हाइकाचं बिल नजरेस पडलं.
माझ्या एका तासाचे पैसे
आईच्या अंगणवाडीतल्या आठ दिवसांचे.
फ्लावियाला सांगितलं. ती म्हणाली, हळू बोल.

मग हळदोण्याचं घर आलं.
गुरगावच्या कंपनीला हवं होतं, विहिरीसकट, रिकामं.
एक-चौदाच्या उताऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात
फिकट शाईत एक नाव: मुंडकार, सांतान लोबो.
तो कधीच गेला, विकणारे म्हणाले. मागं कुणी नाही.

सर्वेअरबरोबर मला पाठवलं, फोटो काढायला.
घरामागं फणस, फणसाखाली खोली,
आणि दोरीवर एक परकर.
ओला. थेंब पडत होते.
आतून बाई आली, सांतानची सून एस्पेरान्सा.
तांब्याभर पाणी दिलं, वर गुळाचा खडा.
विचारलं, तूं कोणालें गो?
माझ्या तोंडात फर्मचं नाव आलं होतं,
दोरी गळ्यातच होती.
मग आईचं नाव सांगितलं.

त्या रात्री अहवालात तळटीप घातली, क्रमांक नऊ:
घराच्या मागील बाजूस वास्तव्य आढळले. चौकशी आवश्यक.
घालताना हात गार पडले होते. एसी होताच म्हणा.

सकाळी मसुदा परत आला.
सरांनी तळटीप खोडली नव्हती.
एकच शब्द वाढवला होता, लाल अक्षरांत: कथित.
कथित वास्तव्य.
समासात लिहिलं होतं, उत्तम निरीक्षण.

दिवसभर मी त्या शब्दाबरोबर फिरले.
कथित परकर. कथित गूळ.
अंकलना विचारलं, पोर्तुगीजमध्ये याला काय म्हणतात?
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
जेवलीस? म्हणाले.

शेवटच्या दिवशी ओळखपत्र परत घेतलं,
दोरी ठेव म्हणाले. वर एक पाकीट:
पदवीनंतर नोकरी. पंधरा तारखेपर्यंत कळवायचं.
शिकवल्याप्रमाणे मी ते शेवटच्या पानापासून वाचलं,
साखळीपर्यंत एकदा, केरीपर्यंत परत.
तळटीप एकही नव्हती.

विद्यावेतनातून आईला मिक्सर घेतला.
तो काही कथित नाही, चांगला दणदणीत वाजतो.
तिनं पहिलं वाटण काढलं, बोट चाटलं,
आणि माझ्याकडं न बघता विचारलं:
त्या बाईचं पुढं काय झालं?
मी बटण पुन्हा दाबलं.
आज चौदा तारीख आहे.